चऱ्हाट

१२ तारीख, शुक्रवार

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुझी झोप नीट होते ना? माझा नंबरही तू ब्लॉक करून टाकलास, म्हणून हा कागद.

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत कंटाळवाण्या बडबडीचे शब्द माझ्या गळ्यात पडलेत. दळण, गुऱ्हाळ, टकळी, चऱ्हाट. गंमत बघ, सगळे कामाधंद्यातले. दळलं की पीठ पडायचं, गुऱ्हाळात गूळ व्हायचा, टकळीवर सूत निघायचं, चऱ्हाट म्हणजे तर चांगला जाडजूड दोर. मग त्यांचा अर्थ फुकटची बडबड कसा झाला? संपादकांना विचारलं, तर म्हणाले, "बाई, काम करणाऱ्याला दोर दिसतो. बघत बसणाऱ्याला नुसती लांबी." यादीत शेवटी 'पकवणं' आहे. तो तुझा शब्द. "बाबा, किती पकवता!" म्हणून तू फोन आपटलास, तो आपटलासच.

बघ, माझंही चऱ्हाट सुरू झालं. सकाळपासून उठते, खिडकीशी जाते, परत बसते. चहा केला आणि ओट्यावरच विसरले.

बाबांच्या घशात गाठ निघाली आहे. येत्या गुरुवारी ऑपरेशन. स्वरयंत्र काढणार. नंतर यंत्र लावून बोलता येतं म्हणे, पण तो काही आपल्या बाबांचा आवाज नसेल.

आणि आता बाबा गप्प आहेत. आपले बाबा! राँग नंबर लागला तरी पलीकडच्या माणसाला पाऊण तास सोडायचे नाहीत, ते! पाणी हवं असलं तर पेला वाजवतात. मला वाटलं, घाबरलेत. मी खनपटीला बसले तेव्हा कुजबुजले, "आवाज जपतोय गं. बारक्याचा फोन आला तर पुरायला हवा."

डॉक्टरांनी बजावलं, की काका, बोलून काही संपत नाही, हवं तेवढं बोला. बाबांनी शहाण्यासारखी मान हलवली आणि घरी येऊन पुन्हा पेला वाजवला. मला त्यांचा राग येतो. तुझा तर इतका येतो, की समोर असतास तर थोबाडीत दिली असती आणि मग गळ्यात पडून रडले असते.

गुरुवारच्या आत फोन कर. माफीबिफी मागत बसू नकोस, त्यात त्यांचा वेळ जाईल. ते काय बोलणार ते मी आत्ताच सांगते: नळाला पाणी कधी आलं, वरच्या मजल्यावरच्यांनी स्कूटर कुठे लावली, दाराची कडी कशी दुरुस्त केली. तू फक्त "बरं, मग?" म्हण. आणि फोन आधी ठेवू नकोस.

फोनपाशी बसलेल्या दोघांपैकी, जी अजून बोलते आहे ती,
तुझी ताई