पहिला डाव मावशीवर

प्रिय नाकतोड्या,

अक्षर बघून नाक मुरडू नकोस. तुझ्या गिचमिडीला मी इतकी वर्षं नावं ठेवली, त्याची ही फेड समज. मुलीला नाकतोड्या म्हणते म्हणून तू फुरंगटून बसायचीस, पण त्या लांबच लांब पायांना दुसरं काय म्हणणार? आता चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासतेस, हे तुझ्या आईकडून कळलं. तिथे तरी स्टुलावर पाय दुमडून बसत नसशील, अशी आशा आहे.

टायरच्या गोदामामागचा आपला ज्युदोचा हॉल अजून चालू आहे, म्हणजे चालू आहे म्हणायचं इतकंच. गाद्यांवरची ताडपत्री कोपऱ्यात उसवली, मी दाभण घेऊन बसले, की ती शेजारी उसवलीच. मालकाने खिडकीसमोर टायरची थप्पी लावल्यापासून भरदुपारीही दिवा लावावा लागतो. मुलं कमी झालीत. जी येतात ती अंग चोरून येतात, तुम्ही सगळे यायचात तशीच. कुणी जवळून हात वर केला तर आधी डोकं झाकतात, मग बघतात की तो नुसता दिव्याच्या बटणाकडे चालला होता.

तुझ्याबरोबर शिकलेल्या ढब्ब्याचं तुला कळलं असेलच. त्याच गोदामात हमाली करत होता, थप्पी अंगावर कोसळली आणि गेला. तू अंत्यविधीला आली नाहीस, ते बरंच केलंस. आम्ही आलो त्यांनी तरी काय केलं? नुसते उभे राहिलो. नंतर त्याची आई ज्युदोचा ड्रेस घेऊन आली, धुऊन, इस्त्री करून. म्हणाली, कुणा पोराला द्या. पण ढब्ब्याएवढा ऐसपैस दुसरा कोण आहे आपल्याकडे? ज्याला घालावा तो त्यात हरवतो. हॉलमध्ये खुंटीला टांगलाय आणि मी तिकडे पाठ करून शिकवत आले.

तुझी या सगळ्यावर खप्पामर्जी झाली, त्याचा मला राग नाही. निवड चाचणीत तुझा गुडघा गेला आणि तुला डोक्यावर घेऊन नाचणाऱ्यांनी नंतर तुझा फोनसुद्धा उचलला नाही. पुन्हा गादीवर पाय ठेवणार नाही म्हणालीस, तेव्हा मी तुला अडवलं नाही. खेळाने आयुष्य उजळतं वगैरे बोलायला मला कधी जमलं नाही आणि आता तर तोंडच नाही. तुम्हा पोरांना मी पडायला शिकवलं, तेवढंच मला येत होतं. गुडघा आता बरा आहे, असं आई म्हणाली. ऐकून फार बरं वाटलं. का, ते पुढे कळेल.

तुझा पहिला डाव आठवतो का गं? आपल्या हॉलची रीतच होती, पहिला डाव मावशीवर. किती महिने नुसतं पडायचं, हात आपटायचे, मान सांभाळायची, आणि मग एक दिवस समोर मी. तू मला अशी काही उचलून टाकलीस की दिवा हलला. आणि मग स्वतःच भोकाड पसरलंस. लागलं का, लागलं का, म्हणत माझा चेहरा चाचपत होतीस. मी उठून बसले आणि पोट धरून हसले. तुझा तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही. मोठं माणूस आपल्या हातून पडतं, उठतं आणि आपल्यावर चिडत नाही, हे तू तेव्हा पहिल्यांदा पाहत होतीस. बाकीच्या डावांचं पुढे काय व्हायचं ते होवो, हा एक डाव प्रत्येक पोराच्या पदरात पडायलाच हवा, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

आता एक चिंगी येते. येत होती. आठ-नऊ वर्षांची असेल. बाप हात उचलतो, आईवर आणि हिच्यावरही. बोलायची नाही, पण पडायची इतकं सुरेख की बघत राहावं. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, हाडं ठिसूळ झालीत, आता पडणं बंद. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. चिंगीच्या पहिल्या डावाची वेळ आली आणि मला राहवलं नाही. तिने डाव अगदी बरोबर टाकला गं. मीच हवेत घाबरले, जन्मभर शिकवलं ते विसरून हात खाली टेकला. मनगट मोडलं, कंबरेतही काहीतरी गेलं. मला हसायचं होतं, पण उठताच येईना आणि तोंडातून किंकाळी निघाली. पोरगी भिंतीला चिकटून उभी होती. मग पळाली, ती पुन्हा आली नाही.

हे पत्र मी डाव्या हाताने, पडल्या पडल्या लिहिते आहे. काल तिची आई येऊन गेली. चिंगी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसते, जेवायलाही बाहेर काढत नाही, आईलाच भरवावं लागतं. आईने खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "माझे हात बाबांसारखे आहेत." मी निरोप धाडले, प्लास्टर दाखवून हसून दाखवीन म्हटलं, पण झोपलेल्या माणसाच्या हसण्यावर ती कशी विश्वास ठेवणार? तिला कुणीतरी उठताना दिसायला हवं, आणि मी आता उठेन असं डॉक्टरांनाही वाटत नाही. तू ये. स्पर्धेसाठी नको, माझ्यासाठीही नको. तिला घरून घेऊन ये, गादीवर उभी कर आणि तिच्या हातून पड. मग उठून हस, पोट धरून.

तुझीच, तू कधीतरी पाडलेली,
मावशी