टिकलीचे दहा सेकंद

३ जून, सोमवार
टिकली दीड वर्षाची झाली. अजून एक शब्द नाही. गृहभेटीच्या ताई आज पहिल्यांदा आल्या. मुलांशी कसं बोलायचं, खेळायचं ते त्या दर सोमवारी घरी येऊन आईबापांना शिकवतात. म्हणाल्या, तिच्याशी काहीतरी बोला, मग दहा सेकंद थांबा, तिला संधी द्या. महिनाभरात शब्द आला नाही तर कान तपासायला पाठवतील. लगेच तक्ता आखला. समास लाल पेनने. पंधरा दिवसांत वाक्यं येतील.

४ जून, सकाळी ७
"हा चमचा" म्हटलं. दहा मोजले. काही नाही. असं चाळीस वेळा. टिकलीने चमचा पलंगाखाली फेकला. नोंद: वस्तूत रस आहे.

६ जून
शून्य. बायको म्हणाली, जरा दमानं घे. ती दिवसभर ऑफिसात, तिला दम परवडतो. सासूबाईही काहीतरी सांगायला आल्या, पण चमचा चालू होता. हातानेच थोपवलं.

९ जून
शून्य. दहावीला माझं गणित राहिलं, ते रक्तातून उतरतं का? रडू आलं. टिकलीने माझ्या डोळ्यात बोट घातलं. नोंद: नेम उत्तम.

१० जून, सोमवार
ताईंना करून दाखवलं. "हा चमचा. एक, दोन, तीन..." सातवर त्यांनी अडवलं.
"दादा, दहाच्या दहा सेकंद तुम्हीच बोलताय. तिनं बोलायचं कधी?"
मनात मोजलं की माझा आकडा चुकतो, हे सांगितलं. तेवढ्यात सासूबाई आतून आल्या.
"जावईबापू, तुम्ही दुपारी कामावर गेलात की पोरगी नुसती बडबडते. पाणी, दे, नको, माऊ. तीनदा सांगायला आले. कान तपासायचेच तर तुमचे तपासा."
ताईंनी अकरा शब्द लिहून घेतले. बायकोलाही माहीत होतं. तिला वाटलं, मलाही माहीत असेल.

११ जून
म्हणजे ती सगळ्यांशी बोलते. फक्त माझ्याशी नाही. तक्ता फाडला. समास चांगला आला होता.

१२ जून, सकाळी ७
चमचा धरला. मी माझे ओठ घट्ट मिटले. टिकलीने माझ्याकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं, परत माझ्याकडे. बराच वेळ. मग तिचं तोंड उघडलं आणि "च" आला. खराखुरा, माझ्यासाठी.
मी ओरडलो, "शाबास!"
ती दचकली. माझ्या हातातला चमचा ओढून आत गेली. पुढचं तिने आजीला सांगितलं.