एका माळेत सोनेरी

निज भाद्रपद वद्य ३, शके १८५८. बारामती.
यंदाच्या नवरात्रात आमची देवी सोनेरी दिसणार, हा संकल्प. आमचा मुखवटा पितळी. इंदापूरला थोरल्या जाऊबाईंचाही पितळीच, पण मागच्या वर्षी असा झळाळत होता की मुलामाच दिला असणार. विचारले नाही. विचारले की फुगतात. यंदा त्या घटाला आमच्याकडे येणार. ‘आमची देवी बघाल तर सोन्याची!’ असा निरोप मी पाठवून चुकले आहे.

सोनाराकडे जायचे नाही. आबाजी फोटोवाल्याने कृती दिली. फोटो धुण्याचा हायपो आणि औषधाच्या दुकानातली शिशाची साखर पाण्यात विरघळवायची, पाणी तापवायचे, त्यात पितळ टांगायचे. पितळेवर आपोआप साय धरते, केसाहून पातळ. साय जाड होत जाते तसा रंग बदलतो, पाण्यावरच्या घासलेटासारखा. आधी सोनेरी, मग तांबूस, जांभळा, निळा, शेवटी राखाडी. म्हणाला, वहिनी, सोनेरी दिसलं की काढा, एवढंच ध्यानात ठेवा. मॅट्रिकला सायन्समध्ये मला चांगले मार्क होते. हे मला सांगायला नको.

पाणी विषारी. म्हणून जुने पातेले, अंगणात वेगळी चूल. पितृपक्षात नवे काम करू नये. पण ही तयारी आहे, काम नव्हे.

वद्य ५. दुपारी.
समईच्या मोडक्या पायावर प्रयोग. देवीचे कार्य, तेव्हा जपासहित. पाय पाण्यात सोडायचा, एक माळ जप करायचा, माळ संपली की काढायचा. घड्याळ हे कचेरीत नेतात. आणि माळेहून चोख माप कोणते? डोळे मिटून जप केला. उघडले तो पाय निळा, मोरासारखा. सुंदर आहे. सोनेरी नाही.
कारण: जाळ जास्त.

वद्य ६.
जाळ कमी. डोळे उघडे. पितळी कुलूप. अर्ध्या माळेतच सोनेरी झाले! अंगावर काटा आला. पण माळ अर्धी टाकून उठता येते का? शेवटच्या मण्याला पोचले तोवर जांभळे.
कारण: कुलपाचे पितळ हलके.

वद्य ८.
आबाजीकडे गेले. म्हणाला, वहिनी, माळ कशाला? बघत बसा की नुसतं. धर्म सुटला की माणूस असे बोलतो. वर म्हणाला, पाणी काळं पडलंय, फेका, ताजं करा. फेका! घरी येऊन फडक्यातून गाळले, पुन्हा तापवले. जुनी घंटा सोडली. पहिली माळ संपली तरी रंगच नाही. दुसरी धरली. तिच्या मध्यावर सोनेरी. पुढे व्हायचे तेच.

वद्य ११. उपास.
जप भरभर केला. देवीचे नाव तोंडात चिरडू लागले. लाज वाटली. पुन्हा पहिल्या मण्यापासून. घंटा आता राखाडी.

वद्य १३.
युक्ती सापडली. जप मी करायचा, काढायचे यांनी. कचेरीतून आल्यावर पातेल्यापाशी बसवले. बजावले, मी ‘हुं’ केले की उचलायचे. सोनेरी आले, मी ‘हुं’ केले. हे म्हणाले, चष्मा हवा? मी जोरात ‘हुं हुं’ केले. प्यायला पाणी आणून दिले. तिसऱ्यांदा केले तर उठून दार लावून आले. माळ संपल्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. म्हणाले, अगं, दुसरा हात मोकळा होता की तुझा. जपात मन कसे लागते, ते यांना काय कळणार?

आश्विन शुद्ध १. घटस्थापना.
देवीसाठी ताजे पाणी. नाइलाज. मुखवटा चिंचेने घासून लख्ख केला आणि सोडला. माळ धरली. आज श्रद्धा पूर्ण, तेव्हा सोने बरोबर शेवटच्या मण्याला येणार.
मध्यावर आले. कपाळ, गाल, नथ, सगळे सोने. एवढ्यात दारात जाऊबाई प्रयागबाई. मी खुणावले, उचला, उचला! म्हणाल्या, “बसते गं बसते, जप मोडू नगंस.” बसल्या, आणि कनवटीची माळ काढून त्याही जपाला लागल्या. माझी माळ संपली तेव्हा देवी राखाडी.
मला रडू फुटले. जाऊबाई म्हणाल्या, “अगं धाकटे, सणाला रडतीस? काळी पडली तर घरात चिंच न्हाय व्हय?” मी विचारले, तुमच्या मुखवट्याला मुलामा कुठे दिला? म्हणाल्या, “कसला मुलामा? चिंच आन राख. हात भरून येत्यात, मग झळाळती.”
दोघींनी मिळून घासला. पातेल्यात सोडण्यापूर्वी होता तस्सा झाला. जाऊबाई म्हणाल्या, “बघ! सोन्यावानी दिसतिया.”

शुद्ध २.
हे कचेरीला निघाले. कोटाची पितळी बटणे अस्सल सोन्यासारखी! कुठून आली? म्हणाले, काल तुम्ही घासत होता तेव्हा तुझ्या पाण्यात बुडवली. मी विचारले, जप कोणता केलात? म्हणाले, जप? नुसता बघत होतो.
नुसते बघून काही होत नसते. त्या पातेल्यापाशी माझ्या इतक्या माळा झाल्या, त्याचे पुण्य बटणांना लागले. तसे सांगितले. म्हटले, द्या इकडे, अजून एक माळभर ठेवून पक्की करून देते.
दोन्ही हातांनी बटणे झाकून हे दाराबाहेर पडले.