मैदानातलं दार

ओसेइक्रोम,
३ मार्च १९९९

चि. कोनादू हीस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व क्षेम, निदान पुढच्या शनिवारपर्यंत तरी. रेडिओवरच्या पाद्रीबाबांनी जाहीर केलं आहे की तेरा तारखेला दुपारी तीन वाजता धरणीकंप होऊन सगळ्याचा निकाल लागणार. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही, हे तू जाणतेसच. फक्त हल्ली चपला घालून झोपतो, एवढंच.

पण वस्ती समितीच्या अध्यक्षाने हातावर हात ठेवून बसून कसं चालेल? नियम केला आहे. त्या शनिवारी उगवतीपासून मावळतीपर्यंत कुणीही छपराखाली थांबायचं नाही, सगळ्यांनी शाळेच्या मैदानात यायचं. मोडेल त्याला एक मेंढी दंड. शिवाय आजपासूनच उकडलेले कंद उखळात घालून फुफू कुटायला बंदी. शेजारच्या मुसळाचे धपके ऐकून मास्तरीणबाई अंगाला साबण तसाच ठेवून न्हाणीतून रस्त्यावर आल्या, मग काय करणार? गाव सध्या पानात बांधून उकडलेल्या मक्याच्या केंकेवर आहे आणि मला शिव्या घालतं आहे. लोकांचं भलं करायला गेलं की हेच पदरी पडतं.

आता मुद्द्याचं. येबोआकडची मंडळी तुझ्या लेकीला, ओफोसुआला मागणी घालायला नेमकी त्याच दिवशी यायची होती. घरात माणूसच नसेल तर दार ठोठावून ओ कोण देणार? आणि मुलीच्या दारावर थाप पडल्याशिवाय आपल्यात मागणी धरत नाहीत. तेव्हा तू त्यांना कळवून टाक. पुढचं पुढे बघू. पोर माझ्याशी मोजकंच बोलते, पण जेवण वेळेवर वाढते.

गुडघा जप. आणखी काय लिहू? माया आहेच, ती राहू दे.

तुझा दादा,
असारे


अक्रा,
८ मार्च १९९९

ती. दादास कोनादूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून आधी खूप हसले, मग चिडले. पहिल्यांदा ते यायला निघाले तेव्हा तुझी कंदांची काढणी आडवी आली. दुसऱ्यांदा कुणाचं तरी अंत्यकार्य निघालं. आता तर तू अख्खी पृथ्वीच आडवी घातलीस. नाचता येईना अंगण वाकडं हे ऐकलं होतं, पण अंगणच बुडणार हे पहिल्यांदाच ऐकते आहे.

इथे बाजारातही हीच चर्चा. माझ्या शेजारची दुकानवाली सगळ्यांना मोठमोठ्याने हसते आणि हळूच मेणबत्त्यांची खोकी घरी नेते. पण दादा, तुझ्या त्या पाद्रीबाबांच्या बायकोने माझ्याकडे ईस्टरसाठी कापड सांगून ठेवलं आहे. वीस तारखेनंतर न्यायला येणार म्हणाली. आता तूच काय ते समज.

थट्टा पुरे. येबोआच्या आत्याचा, सेरवाबाईंचा निरोप आहे की ते शनिवारी येणारच. दोनदा माघारी गेले, तिसऱ्यांदा गेले तर पुन्हा तुमच्या गावाची वाट धरणार नाहीत. सोमवारी येबोआ दोन वर्षांसाठी तमालेला बदलीवर चालला आहे. पोरगी एकतिशीची झाली. मी तिची आई असले तरी आपल्यात मामाच्या होकाराशिवाय पान हलत नाही, म्हणून तुझ्यापुढे पदर पसरते. वहिनी गेल्यापासून तुझं घर तिनेच सांभाळलं. ती गेल्यावर तुला ते खायला उठेल, हे मला कळतं. जमलं असतं तर स्वतः येऊन तुझ्याशी भांडले असते, पण त्या दिवशी एकही ड्रायव्हर गाडी काढायला तयार नाही आणि या गुडघ्याने चालवत नाही.

पोरीच्या तोंडचा घास काढू नकोस. रागावलास तरी चालेल, लोभ तेवढा कमी करू नकोस.

तुझी,
कोनादू


ओसेइक्रोम,
१४ मार्च १९९९

ती. आईस ओफोसुआचा साष्टांग नमस्कार.

आधी हे सांगते की आम्ही सगळे जिवंत आहोत आणि मामाला एक मेंढी दंड झाला आहे.

काल सकाळपासून सगळं गाव मैदानात होतं. गाद्या, कोंबड्या, शिवणयंत्रं, जे जे उचलता आलं ते आणलेलं. दोनच्या सुमारास येबोआकडची मंडळी आली, गाडी नाही म्हणून चालत, सेरवा आत्यांच्या काखेत मागणीच्या रीतीच्या दारूच्या दोन बाटल्या. मामाने त्यांना बसायला चटई दिली आणि नियम वाचून दाखवला. घरी जाता येत नाही, इथे दार नाही, तेव्हा थाप नाही. आत्या रीतीला पक्क्या. त्यांनाही ते पटलं. त्यांनी बाटल्या पुन्हा फडक्यात गुंडाळल्या. येबोआ माझ्याकडे बघेना.

मी रडले नाही गं. खरंच काही सुचत नव्हतं. मामाने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, म्हणून केंके सोलून त्याच्यापुढे ठेवलं आणि मासा निवडून देत त्याच्याजवळ बसले. त्याने एक घास हातात घेतला आणि तसाच परत ठेवला. माझ्याकडे बघितलं. मग उठला आणि घराकडे चालायला लागला.

तीन वाजायला आले होते. लोक ओरडत होते, असारे, वेडा झालास काय, माघारी फीर. आई, तो खरंच घाबरतो. मैदानातून मला आपलं घर दिसत होतं. तरी तो छपराखाली गेला. बराच वेळ आला नाही, तशी मी धावत निघाले. तेवढ्यात बाहेर आला, तर डोक्यावर आपलं पुढचं दार, बिजागऱ्यांसकट.

मैदानाच्या मधोमध त्याने ते उभं केलं आणि मागून दोन्ही हातांनी धरून ठेवलं. सेरवा आत्या पुढे झाल्या, पदर सारखा केला आणि थाप मारली. त्याने विचारायचं ते विचारलं, कोण आणि कशासाठी. आत्या म्हणाल्या, तुमच्या बागेत आम्ही एक फूल पाहिलं आहे, ते न्यायला आलो आहोत.

पलीकडून उत्तर येईना. लोकांना वाटलं, म्हातारा फिरला. मी दाराच्या त्याच्या बाजूला होते, म्हणून मला तेवढं दिसलं. त्याने कपाळ फळीला टेकलं होतं आणि डोळ्यांतून धार लागली होती. दार सोडता येत नव्हतं, म्हणून पुसताही येत नव्हतं. मी माझ्या ओढणीने त्याचं तोंड पुसलं. तेव्हा तो मोठ्याने म्हणाला, "आत या."

लग्न ईस्टरनंतर. त्यानंतर मी तमालेला जाईन. तू तेव्हा निदान महिनाभर इकडे येऊन राहा. तो स्वतःहून बोलावणार नाही, म्हणून मी बोलावते आहे.

तुझ्या मायेला कधी न अंतरणारी,
ओफोसुआ