लालसर नमुना

१२ मार्च, गुरुवार

मामा, नमस्कार.

मामींचा गुडघा आता बरा असेल. आई ठीक आहे. घडलं ते क्रमाने लिहिते.

१. रविवारी दादाने दिवसभर गोदामात पोती उचलली. रात्री पोटभर भात खाऊन झोपला.
२. सोमवारी सकाळी त्याला कूसही बदलता येईना. हातपाय लुळे, शुद्ध आणि बोलणं शाबूत.
३. सात वाजता तुम्ही आलात. अशक्तपणा म्हणून ग्लुकोजची बाटली लावलीत.
४. आठ वाजता त्याला मानही उचलता येईना. मी रुग्णवाहिका बोलावली.
५. रुग्णालयात पोटॅशियम १.९ निघालं, ३.५ च्या खाली जायला नको. हृदयाच्या आलेखावर लक्ष ठेवून त्यांनी पोटॅशियम दिलं. संध्याकाळी दादा स्वतःच्या पायांनी उठला.

त्याच्या आजारात अति श्रम आणि पोटभर भातानंतर रक्तातलं पोटॅशियम पेशींत ओढलं जाऊन हातपाय लुळे पडतात; ग्लुकोजमुळे उरलंसुरलंही ओढलं जातं. मी बाटली काढा म्हटलं, तर तुम्ही आईकडे बघून हसलात. "ताई, तुझी पोरगी आता मला डॉक्टरकी शिकवणार! अगं, कामाचा कंटाळा आला की याला असं होतं." दादा ऐकत होता. डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं आणि पुसायला हात हलत नव्हता.

जानेवारीत पहिल्यांदा असं झालं, दोन तासांत सावरला, तेव्हा तुम्ही कंपनीला लिहून दिलंत: 'शारीरिक दोष नाही, लक्षणे बनावट.' त्याच कागदावर येत्या मंगळवारी त्याची चौकशी आहे. नोकरी जाईल.

तुम्ही म्हणाल, तेव्हाचा रिपोर्ट ३.६ होता. होता. खाली सही माझी आहे.

तो रक्ताचा नमुना तुमच्या दवाखान्यातून आमच्या प्रयोगशाळेत आला तेव्हा रक्तपेशींच्या वरचं, एरवी पिवळसर असणारं पाणी लालसर होतं. रक्तपेशी फुटल्या की त्यांतलं पोटॅशियम बाहेर येतं, आकडा खोटा चढतो. असा नमुना नाकारायचा, हे नव्या मुलींना मीच शिकवते. मी नाकारला नाही. घरचाच माणूस, पुन्हा कशाला टोचायचं, अशी स्वतःची समजूत घातली. खरं कारण वेगळं. मलाही ते ढोंगच वाटलं होतं.

काल दादाला हे सांगितलं. रागावला नाही. म्हणाला, "तुझा आकडा बघून मलाच वाटायला लागलं होतं, आपण खरंच नाटक करतो की काय."

माझा रिपोर्ट चुकीचा होता, हे मी कंपनीला आणि आमच्या प्रमुखांना लेखी कळवलं आहे. प्रत आणि रुग्णालयाचे कागद सोबत जोडले आहेत. तुम्हीही तुमचं प्रमाणपत्र लेखी मागे घ्या. घेणार नसाल, तर तसं लिहून पाठवा. सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत तुमचं उत्तर हवं.

तुमची भाची