मिस कुबल इज नो मोर

८ जानेवारी १९६०

संस्थेत साहेबांनी आज परत विचारलं — नव्या शोधनिबंधावर नाव कुठलं? मग स्वतःच म्हणाले, "हजेरीपटावर लतिका मयेकर आहे ना, तेच जाणार."

अहो, पण पहिले दोन निबंध कौसल्या कुबलचे आहेत! लालबागची कौसल्या कुबल, शिवडीच्या चिखलात गुडघाभर उतरलेली. गिरण्यांचं रंगाचं पाणी खाडीत येतं तिथे बाकी सगळं मरतं, एक तांबडा किडा तेवढा जगतो. तो का जगतो, हे तिने लिहिलं. डेन्मार्कचे एक प्राध्यापक आपल्या लेखांत तिचा दाखला देतात. बाटलीभर किडेही मागवले होते त्यांनी. लतिकाला कोण विचारतं? मलाच ती नीट ओळखीची नाही. या नावाने हाक आली की अजून क्षणभर थांबते मी.

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने 'लतिका' लिहिलं. कारण सासूबाईंचं नावही कौसल्या! सासूच्या नावाने सुनेला हाक कशी मारायची? बरोबरच आहे. सगळ्यांचं सगळं बरोबरच असतं!!

१० जानेवारी

यांना विचारलं, माहेरचं नाव घालू का — फक्त निबंधावर. "अगं, लोकांना वाटेल सोडूनबिडून गेलीस मला!" आणि हसले. हसले की विषय संपला. सासूबाई आतून, "त्या चिखलातल्या किड्यांक नावाचा काय पडलाहा?"

१९ जानेवारी

जेवताना भडका. नव्या राज्याचं नाव 'मुंबई'च ठेवायचं घाटतंय अशी बातमी. हे ताटावरून उठले. समितीच्या मोर्चात लाठी खाल्लेला माणूस. "महाराष्ट्रच पाहिजे! माणसं मेलीत त्या नावासाठी! नाव गेलं तर राहिलं काय?"

मी आमटी वाढत होते. पळी हातात तशीच. तोंडाशी आलेलं गिळलं. भांडण नको वाटतं. भीती वाटते म्हटलं तर जास्त खरं.

२ फेब्रुवारी

काही नाही. चिखल, बाटल्या, स्वयंपाक.

५ एप्रिल

प्रुफं आली. वर 'सौ. लतिका मयेकर'. तपासून सही करून द्यायची. पर्समध्ये ठेवलीत. साहेबांना सांगितलं, तपासतेय.

१२ एप्रिल

आज काय झालं ते नीट लिहिते.

डेन्मार्कच्या प्राध्यापकांचा नवा लेख आला. मी पाठवलेल्या बाटलीतला तांबडा किडा नव्याच जातीचा निघाला! आणि त्याला नाव दिलंय कौसल्याचं, लॅटिन शेपूट लावून. मी उभ्या उभ्या हसायला लागले. मग खालची टीप वाचली. 'कै. कुमारी कुबल यांच्या स्मरणार्थ.'

कैलासवासी!

आमचे हेडक्लार्क शामराव म्हणाले, "पत्र आलं होतं त्यांचं, कुमारी कुबल कुठे असतात विचारणारं. मी लगेच उत्तर धाडलं — मिस कुबल इज नो मोर." म्हटलं, शामराव, याचा अर्थ काय होतो? "म्हणजे आता मिस कुबल राहिल्या नाहीत, मिसेस मयेकर झाल्या. चुकलं का काही बाई?"

माणूस भला. चुकलं म्हणावं तर तसं चुकलंही नाही.

साहेबांना तर गंमतच वाटली. "आता कुबल नाव छापताच येणार नाही. मेलेली बाई निबंध कसा लिहील?" म्हटलं, प्राध्यापकांना खरं कळवते. "कशाला अडचणीत टाकता त्यांना? नाव राहिलं ना तुमचं!"

राहिलं. एकदा छापलेलं किड्याचं नाव पुढे कुणाच्या मनात येईल तसं बदलता येत नाही, तसा नियमच आहे. किड्यांसाठी आहे. संस्थेच्या मोरीत जाऊन रडून घेतलं.

२६ एप्रिल

साहेब — "प्रुफं?" मी — "उद्या."

१ मे

महाराष्ट्र झाला! मुंबईसकट, आणि नावासकट. गिरगावात पताका, गुलाल, ढोल. यांचे डोळे भरून आले होते, मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. हे पेढे वाटत चाळभर फिरत होते. घरात आम्ही दोघीच. काय वाटलं कुणास ठाऊक, सासूबाईंना सगळं सांगून टाकलं — किडा, त्याचं नाव, मी मेले ते. नाव त्यांचंही आहे, म्हणून भीत भीतच. ऐकता ऐकता त्यांचा पेढा हातात तसाच.

२ मे

सकाळी भाकरी थापता थापता सासूबाई म्हणाल्या, "माझा पाळण्यातला नाव जाई. कौसल्या ह्या सासऱ्यान ठेवलेला. पण त्या नावान माका कधी कोणी हाक मारूक नाय. सगळ्यांका मी जगदीशची आवस." जगदीश म्हणजे हे; यांची आई, एवढंच त्यांचं नाव.

पीठ झटकलं. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "कौसल्या, तवो बघ गो."

मी लगेच वळले. प्रुफं अजून माझ्याकडेच आहेत.