टोपीचं वजन

पिंपरी, ७ मे १९५६, सोमवार
डोकं भणभणतंय. बर्फाच्या कारखान्यात अमोनिया वायूचे लोखंडी बाटले, म्हणजे सिलिंडर, भरत होतो. जोडीला असलेल्या गफूरभाईनं बाटल्याची काढलेली लोखंडी टोपी सहज काट्यावर टेकवली, आणि काटा धाडकन खाली! "थांब राव," मी ओरडलो. रिकामा बाटला फाटकावर तोलतात तो टोपीसकट. टोप्या हरवतात म्हणून काढतच नाहीत. तोच आकडा खडूनं बाटल्यावर. आणि आम्ही त्या आकड्यात मालाचं वजन मिळवून काटा तिथं येईस्तोवर भरतो, पण टोपी काढून. म्हणजे टोपीच्या भाराइतका अमोनिया प्रत्येक बाटल्यात जास्त. वर मोकळी जागा सोडायची असते. ऊन लागलं की आतलं फुगतं, मग जाणार कुठं? थंडीत निभावलं. आता मे आहे.

८ मे
इथल्या बाटल्यांतला जास्तीचा अमोनिया नळीनं हौदाच्या पाण्यात सोडून ते हलके केले. डोळे अजून चुरचुरतायत. पण शनिवारी भरलेला एक तळेगावला गेलाय, दुधाच्या शीतगृहात. दाजी तिथेच कामाला! ताईचा जीव त्यांच्यावर, पोरं लहान.
आमच्या कारखान्याच्या साहेबांना सांगितलं. "आजवर फुटला का एक तरी?" म्हणाले. "फुटायची वाट बघायची का साहेब?" तोंडातून गेलंच. तळेगावला फोन करतो म्हणाले.

९ मे
फोन केलाच नाही. म्हणे गिऱ्हाईक बिथरेल. बिथरू दे की मेलं! रजा टाकली. उद्या सायकल.

१० मे, तळेगाव
बाटला पत्र्याच्या पडवीत, दुपारचं ऊन थेट अंगावर. हात लावला, चटका बसला. दाजींना सगळं सांगितलं.
"मंग सोडून देऊ की थोडा."
पाना नेला होता. झडप जाम. जोर केला तर मोडायची, मग सगळाच बाहेर. सावलीत ओढायची छाती झाली नाही. पोती भिजवून गुंडाळली, दोघं आळीपाळीनं पाणी ओतत बसलो. तिथला मॅनेजर मुंबईला. त्याच्या कारकुनानं पुण्याहून फिटर बोलावलाय. येईल म्हणाला. कधी, ते नाही.
भीती वाटते. लिहून तरी टाकतो.

११ मे, ताईकडे
फिटर नाही आला. सकाळपासूनच पत्रे तापलेत. दाजींना म्हटलं, आज जाऊ नका, तब्येतीचं निमित्त सांगा.
"अन् पाणी कोन वतंल? त्यो म्हातारा रखवालदार? त्येला म्हाईत तरी हाय का काय हाय त्ये?"
मीही जातोय. दोन बादल्या असल्या तर बऱ्या.
ताई विचारत होती, एवढी काय घाई. तिला सांगितलेलं नाही. चुलीपाशी बसून आम्हा दोघांच्या भाकरी बांधतेय.